ताईच्या जागेवर

प्रिय ताई,

मावशी फोनवर म्हणाली, तू जेवतेस, झोपतेस, विचारलं तर उत्तर देतेस. म्हणजे इथल्यासारखंच. मी पाठवलेली तुझ्या वर्गाच्या टिपणांची पाकिटं तुझ्या उशाशी तशीच बंद पडून आहेत, हेही तिने सांगितलं. एका परीने बरंच झालं, कारण सुरुवातीच्या पाकिटांत माझा घोळ आहे. तुझ्या व्याकरणाच्या मॅडम फळ्यावर इंग्रजी वाक्यं लिहितात आणि त्यातल्या काहींच्या आधी छोटीशी चांदणी काढतात. मला वाटलं, चांदणी म्हणजे महत्त्वाचं. ती सगळी मी तुझ्यासाठी लाल शाईने अधोरेखित केली, शेजारी ‘पाठ कर’ असं लिहिलं आणि स्वतःही पाठ केली. दुकानात प्रबंध बांधून घ्यायला आलेल्या एका परदेशी मुलीला त्यातलंच एक मोठ्या रुबाबात ऐकवलं. ती इतकी सांभाळून हसली की मला शंका आली. मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, अरे बाबा, चांदणी म्हणजे असं कोणीच बोलत नाही. सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण नुसतं तोंड हललं. तेव्हा लाल रेघेवरचं काही पाठ करू नकोस.

तुला माहीत नसेल, तू मावशीकडे गेलीस तेव्हा मी विद्यापीठात तुझ्या इंग्रजी विभागात फक्त निरोप द्यायला गेलो होतो. आई गेली, ताई मावशीकडे आहे, काही दिवस येणार नाही, एवढंच सांगून परत फिरणार होतो. मॅडमनी विचारलं, तू काय करतोस? म्हटलं, नववीत शाळा सुटली, फाटकासमोर बाइंडिंगच्या दुकानात आहे, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उठवतो. त्या म्हणाल्या, मग ती येईपर्यंत तिच्या जागेवर बस आणि टिपणं पाठव, तुझ्या हातून अक्षर तरी चुकणार नाही. मालकांनी सकाळची सुट्टी दिली. म्हणाले, जा, पण तिकडून शहाणा होऊन आलास तर मला शिकवायला बसू नकोस. वर्गातल्या मुलांनी माझं नाव ‘प्रॉक्सी’ ठेवलंय. हाक मारली की मी वळतोसुद्धा.

मी पहिल्या दिवशी लाल पेन घेऊन गेलो होतो, कारण व्याकरण म्हणजे चुका काढणं, असा माझा समज. ते काम मला जमतं. लोकांच्या प्रबंधांच्या मुखपृष्ठावरच्या चुका मीच दाखवतो, आणि ते माझ्यावरच चिडतात. पण मॅडम म्हणाल्या, चुका काढायला कुणीही येईल, तुम्ही आधी ऐकायला शिका. माणूस बोलतो तेव्हा शब्दांची बांधणी कशी करतो, कुठला शब्द हलवता येतो, कुठला हलवला की सगळं कोसळतं, हे बघायचं. मग त्यांनी एक वाक्य घेऊन त्याचे भाग सुटे केले. आपण जुनं पुस्तक उसवतो ना, आधी पुठ्ठा, मग शिवण, मग पानांचे गठ्ठे, अगदी तसंच. मला इंग्रजी अर्धंच कळलं, पण त्यांचे हात काय करतायत ते पूर्ण कळलं.

घरी बाबा आणि मी असतो. त्यांचं बोलणं म्हणजे ‘दूध आलं’, ‘कुलूप लाव’, ‘झोप आता’. भांडणही होत नाही. पंख्याचा आवाज येत होता तो मी दुरुस्त करून घेतला, तर घर आणखीच शांत झालं. शेजारच्या काकू विचारतात, रडलास का रे? मी नाही म्हणतो. त्या म्हणतात, रड बाबा, मोकळा होशील. जसं काही मी मुद्दाम धरून ठेवलंय.

मध्यंतरी मॅडमनी सांगितलं, घरात खरोखर बोललं गेलेलं एक वाक्य आणा, कुठल्याही भाषेतलं, आपण ते इंग्रजीत उभं करून बघू. मी आईचं नेलं: ‘भूक असली तर जेव, नसली तरी जेव.’ प्रत्येकाने इंग्रजी केलं. कुणाचं पोलिसाच्या हुकमासारखं झालं, कुणाचं हॉटेलातल्या वाढप्यासारखं. शेवटच्या बाकावरचा म्हणाला, मॅडम, ही बाई इंग्रजीत मावतच नाही. सगळे हसत होते, शब्द पुढे-मागे करून बघत होते, आणि तासभर आई त्या खोलीत बोलत होती. आई गेल्याचं मॅडमना ठाऊक आहे. त्यांनी फळा पुसला नाही, पुढच्या तासाच्या सरांसाठी तसाच ठेवला.

आता मुद्द्याचं. विभागात नावांची यादी शुक्रवारी पक्की होणार आहे. तू स्वतः येऊन सही केली नाहीस, तर तुझं नाव कापलं जाईल, आणि कापलेल्या नावाच्या जागेवर मलाही बसता येणार नाही. मॅडम मला म्हणाल्या, तू बाहेरून दहावीला बस, मग पुढचं बघू. त्याला वर्षं लागतील, आणि इतका वेळ मी टिकेन का, माहीत नाही. सगळ्यांना मी सांगत आलो की मी ताईसाठी जातो. आधी ते खरं होतं. आता मी त्या एका तासासाठी जातो. बाकीच्या दिवसात मला काही म्हणजे काही वाटत नाही. शुक्रवारी सकाळी मावशीच्या गावाकडून येणाऱ्या गाडीपाशी मी उभा असेन. उतरलीस तर दोघं विभागात जाऊ, बोलायची गरज नाही. उतरली नाहीस तर मी दुकानात जाईन. तू काहीही ठरवलंस तरी मी रागावणार नाही, असं लिहायला बसलो होतो. पण ते खरं नाही. मी रागावेन, ताई, आणि आई गेल्यापासून मला अजून कशाचाच राग आलेला नाही. तो पहिला तुझ्यावर यायला नको, म्हणून हे पत्र.

तुझाच, सगळ्यांना टोचणारा,
टाचणी