टीडीएस बासष्ट

कुडवा, गोंदिया

आदरणीय हेमेंद्र भाऊजी,

दुलीचंदचा रामराम घ्या. तुमची शुगर अन् रविताबाईची कंबर आता बरी असन. इकडं आम्ही मजेत. चमेली तं कालपासून तुमच्या नावानं अगरबत्ती लावून राहिली, कारण काल रिफंड जमा झाला. आठ हजार, पुरेच्या पुरे!

पाण्याच्या मशिनी बसवता-बसवता माहे केस पिकले, पण टीडीएस म्हणजे पाण्यातला क्षार, त्याच्यापलीकडं मले काही ठाऊक नव्हतं. गोरेगावच्या राइस मिलमध्ये फिल्टरचा प्लांट बसवला, बिल दिलं चाळीस हजारांचं, खात्यात आले बत्तीस. काऊन म्हणून इचारलं तं मुनीम श्यामलालजी म्हणतात, "तुमचा टीडीएस जास्त लागला, कापला." माह्या हातचा प्लांट, अन् टीडीएस जास्त? मी (डोकं किती गरम, हे तुम्ही जाणताच) खिशातलं मीटर काढलं, त्यायच्याच प्यायच्या गिलासात बुडवलं अन् साऱ्या ट्रकवाल्यायसमोर ओरडलो, "बासष्ट! वाचता येते का?" त्यायनं गिलास तं फेकलाच, माहं सालभराच्या देखभालीचं कामही काढून घेतलं. (त्या कामावरच आपलं घर चालते, हे चमेलीनं मले आठ दिवस ऐकवलं.)

तुम्ही मात्र फोनवर हसले नाही. (मागं रविताबाई हसून राहिली होती, ते ऐकू आलं.) शांतपणे समजावलं, का काम देणाऱ्याले कर कापूनच पैसे द्यावे लागते, माहं पॅन आधारले जोडलेलं नव्हतं म्हणून शेकडा एकाच्या जागी वीस कापले, अन् ते मुनीमजीच्या खिशात नाही, माह्याच नावानं सरकारात जमा आहेत. मंग दंड भरून पॅन जोडून देल्लं, रिटर्नही तुम्हीच भरलं, अन् फी म्हणून चहासुद्धा घेतला नाही. सख्खा भाऊ करत नाही एवढं केलं, भाऊजी. लिहिता-लिहिता डोळे भरून आले.

तुमचा,
दुलीचंद

ता. क. : आणखी एक किरपा करा. मुनीमजी काम परत द्यायले तयार आहेत, पण माफी लेखी पाहिजे म्हणतात. तुमचं लिहिणं चांगलं, तुम्हीच लिहून पाठवा. त्यात ठासून सांगा, का माणूस तापट आहे, पण त्याचं पाणी एक नंबर.

ता. क. दुसरा : पाण्याचं वाक्य काढा. आज मिलमध्ये गेलो तं मुनीमजीनं माह्याच प्लांटच्या पाण्याचा गिलास पुढं सरकवला. मीटर बुडवलं. चारशे दहा. मुनीमजी म्हणाले, "वाचता येते का?" माफी दोन पानी लिहा.