गुलाबाईच्या पाठीवर

८ सप्टें., सोम.
अक्का काल धुळ्याहून आली. गुलाबाई बसवायला दर भाद्रपदात येते, कोजागिरीपर्यंत राहते. या घरात मुलगी नाही, मूल नाही. पण अक्काचं माहेर म्हणजे आता तिची धाकटी बहीण, मीच. शाडूची गुलाबाई आणि तिचा गुलाबा मांडले. ज्वारीच्या ताटांचा, म्हणजे धाटांचा, मखर तिनेच बांधला.
फडताळातला डबा उघडून म्हणाली, "काय पाळेल शे हाई?"
प्रार्थना कीटक, मादी. गौरीच्या केळीच्या पानावर आली, राहिली.
"नाव?"
नाव नाही. मँटिस. या वहीत मँ.

११ सप्टें.
मँ. म्हातारी आहे. मागचा एक पंजा गळला. प्लास्टिकवर पाय घसरतात, उडती माशी धरता येत नाही. चिमट्यात धरून माशी तोंडाशी नेली की दोन्ही हातांनी घेते, सावकाश खाते, मग हात चाटून साफ करते. वीस मिनिटं लागतात. माझी कंबर धरते.

१४ सप्टें.
पोट फार फुगलं. मीच जास्त चारते आहे. दोन दिवस उपास.
अक्का : "पोटुशी बाईले उपाशी ठेवस?"
अपचन आहे, म्हटलं. मी बी.एस्सी., प्राणिशास्त्र. अक्का चौथी.

१६ सप्टें.
कॉलेजचं पुस्तक काढून पाहिलं. अक्काचं बरोबर. तिला सांगितलं नाही. मँ. ला तीन माश्या आणि एक झुरळाचं पिल्लू दिलं. अक्का लसूण सोलत बघत होती. हसली.
प्रश्न असा, की हिला नर भेटला होता का? नसला तरी अंडी घालेल, पण पोकळ. आली तेव्हाच पंख फुटलेले होते, म्हणजे वयात आलेली. बाहेर काय घडलं ते तिलाच ठाऊक.

२१ सप्टें.
संध्याकाळी गल्लीतल्या मुली गाणी म्हणायला. शेवटी डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. अक्काने चष्मा न लावता फडताळातून डबा काढून दिला. मुलींनी हातोहात हलवला.
"शेंगदाणे!"
"छे, खारका!"
"वाजतच नाही गं. अक्काआजी, पापड भरलेत का?"
मी स्वयंपाकघरातून धावले. मँ. तळाशी उताणी.
मुलींसमोर अक्काला बोलले. डोळे दाखव म्हणते तर ऐकायचं नाही, आणि मग हे. मुलींना बिस्किटं देऊन पाठवलं. खाऊचा खरा डबा तसाच राहिला.
मुलींसमोर नको होतं.

२२ सप्टें.
मँ. चा उजवा हात काही धरत नाही. काडीवर मध दिला, चाटला. अक्का जेवली, ताट धुतलं, बसून राहिली.

२३ सप्टें.
सकाळी डबा रिकामा. फडताळ उपसलं. बघते तर मँ. मखरातल्या ज्वारीच्या ताटावर बसलेली.
"डबामा तिना पाय घसरस. आठे धरता येस," अक्का म्हणाली. दीड दिवसात पहिलं वाक्य.
खरंच घट्ट धरून होती. हे मला सुचायला हवं होतं.
मखराला मच्छरदाणी लावली, पालींसाठी. पंखा बंद. दोघी घामाने भिजलो. कामवाल्या लताला ताकीद : मखराजवळ झाडू नाही.

२८ सप्टें., रवि.
सकाळी साडेसहा. मँ. गुलाबाईच्या पाठीवर, डोकं खाली करून. पोटाच्या टोकातून पांढरा फेस. टोक डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. विणकाम करावं तसं. अडीच तास. चहा दोनदा गार झाला. अक्का पाटावर बसून. मधेच मँ. चा एक पाय सुटला तेव्हा मी खाली हात धरला. तिने मूर्तीच्या पदराची घडी पकडली. माझा हात तसाच राहिला.
नऊला संपलं. फेस वाळून गुळाच्या रंगाचा अंड्यांचा कोश झाला, खारकेएवढा. अक्काने मधाची काडी पुढे केली. "घे माय."
खांदा दुखतो आहे.

५ ऑक्टो.
उद्या विसर्जन. अक्काचा मुलगा सुनीलही उद्याच तिला न्यायला येणार. पट्टीने कोश सोडवायला गेले. शाडू निघते, कोश सुटत नाही. फाटेल.
म्हटलं, गुलाबाई घरात ठेवायची नसते. आईने कधी ठेवली नाही.
"बाळंतीणले कोणी पानीमा टाकस का? सव्वा महिना ऱ्हाऊ दे माहेरले."
"बाळंतीण मँटिस आहे, गुलाबाई नाही."
"तिनीच पाठवर शे ना."
पट्टी ठेवून दिली.

६ ऑक्टो., कोजागिरी
मेहरूणच्या तळ्यात गुलाबा एकटाच गेला.
सुनील : "मावशी, जोडीतला एकच?"
अक्का : "बाळंतपणमा माणूसनं काय काम?" मुली खिदळल्या.
दुपारी दोनला ती गेली. त्या दिवशीचं बोलणं मनावर घेऊ नकोस, असं गाडीशी म्हणणार होते. म्हटलं, "औषधं वेळेवर घे."
"पिलं निघतीन तवय फोन कर. येसू मी."

९ ऑक्टो.
सकाळी मँ. मखराखाली पडलेली. हलत होती. डोळे काळे पडलेत. माशी नको, मध नको. पाण्याचा एक थेंब घेतला. तळहातावर ठेवली. एका हाताने भाकरी होत नाही, पोह्यांवर भागवलं. चार वाजता गेली. तुळशीत पुरली.
अक्काला फोन. कधी गेली, कशी, सगळं विचारलं. मग, "पण लेकरं शेतस ना?"
शेतस, म्हटलं. मला काय ठाऊक.

४ नोव्हें.
सव्वा महिना झाला. कोश तसाच. उशीरही लागतो, पोकळही निघतो. पुस्तकात दोन्ही आहे. लता विचारते, "ताई, आता तळ्यात शिरवायची का मूर्ती?" नाही म्हटलं.
अक्काचा रोजचा सातचा फोन. "काय शे?"
"काही नाही."
"वाट पाह्य."
मग सुनीलने घेतला. अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरतंय. म्हटलं, इथे जळगावात करू, नंतर महिनाभर माझ्याकडेच राहील. मागून अक्काचा आवाज : "तिले सांग, त्या दिनले जो खाऊ ऱ्हाई गया, तो काढी ठेव."
अक्कासाठी पलंग मखराच्या खोलीत हलवला. मखराची ताटं वाळून कडकडीत झालीत. निघालीच पिलं, तर पाय कशाला धरतील? लताला नवी ताटं आणायला सांगितली. हिरवी.