चौकात टांगलेला माझा होकार

अल ऐन,
१८ जून

ती. राजाभाऊ यांस,

उल्हासचा साष्टांग नमस्कार. (यापुढे पत्रात आदराचं फारसं काही सापडणार नाही, म्हणून नमस्कार आधीच उरकून घेतो. वर 'ती.' लिहिलंय तेही हाताच्या सवयीने. खोडलं असतं, पण कागद चांगला होता.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? बीपीची गोळी रोज घेता ना? आज घेतली नसेल तर पत्र बाजूला ठेवा, गोळी घ्या, वर ग्लासभर पाणी प्या आणि मग पुढे वाचा. प्रभावती वहिनींना माझा नमस्कार सांगा. या प्रकरणात त्यांचा काडीचाही दोष नाही याची मला खात्री आहे, कारण काहीही करण्याआधी तुम्ही त्यांना विचारलंय असं गेल्या तीस वर्षांत घडलेलं नाही. आमच्याकडे सगळे बरे आहेत. प्रमिला शिकवते त्या शाळेला सुट्टी लागायला अजून दोन आठवडे आहेत. ऊन पंचेचाळीसवर गेलंय आणि गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायला रुमाल लागतो. माझं डोकं मात्र एप्रिलपासूनच तापलेलं आहे आणि त्याचं श्रेय हवेला नाही, तुम्हाला आहे.

गेले दोन महिने मी तुमचा एकही फोन उचलला नाही. तुम्हाला वाटलं असेल नेटवर्क नाही. नेटवर्क उत्तम आहे, राजाभाऊ. पण तुम्ही फोन लावता, स्पीकरवर टाकता, आणि 'बोल उल्हास, आपण दोघंच आहोत' म्हणत माजी विद्यार्थी संघाची अख्खी कार्यकारिणी भोवती बसवता. मागच्या वेळी मी घरगुती बोलत होतो आणि मध्येच कुणीतरी खोकलं, आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला 'गप की' म्हणून दटावलं, तेव्हाच मी समजलो. म्हणून हे पत्र. हे मोठ्यांदा वाचू नका.

आता मूळ मुद्दा. एप्रिलमधल्या त्या शनिवारी तुम्ही फोन केलात. म्हणालात, आपल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचं सहा वर्षं वाटोळं चाललंय, यंदा सुवर्णमहोत्सव आहे, तू आपला माणूस, परत ये आणि टीम हातात घे. मी काय म्हणालो? नीट आठवा. मी म्हणालो, 'राजाभाऊ, अठरा वर्षं मी इथल्या कॉलेजात कोच आहे, माझी टीम सेमीफायनलला आली आहे, मला पंधरा दिवस द्या.' पंधरा. तुम्ही म्हणालात, 'घे की, काय घाई आहे!' हे झालं शनिवारी. मंगळवारी सकाळी कॉलेजच्या चौकात वीस बाय दहाचा फ्लेक्स लागला होता. मुलगी बघायला जायचं की नाही हे ठरायच्या आत मांडव घालून वाजंत्री बसवणारी माणसं मी फक्त आपल्या गावात पाहिली आहेत. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय!

तो फ्लेक्स मला आता तोंडपाठ आहे. वर मजकूर: 'दुबई गाजवून मायभूमीत परतलेला फुटबॉलचा ढाण्या वाघ! प्रशिक्षकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' पहिली गोष्ट, मी दुबई गाजवलेली नाही. मी अल ऐनला राहतो. इथून दुबई गाडीने दीड तास लांब आहे आणि तिथे आम्ही वर्षातून दोन मॅच हरायला जातो. दुसरी गोष्ट, मी परतलेलो नव्हतो. तिसरी, निवड झालेली नव्हती. एका ओळीत तीन थापा! खाली चौतीस शुभेच्छुक. त्यांतल्या एकतीस जणांना मी ओळखत नाही, आणि जे तीन ओळखीचे आहेत त्यांना माझं शुभ कधीच बघवलेलं नाही. मधोमध तुम्ही, कानाला मोबाइल लावून, माझ्यापेक्षा दीडपट मोठे. सत्कार नेमका कुणाचा होता?

आणि माझा फोटो! तो तुम्ही माझ्या फेसबुकवरून उचललात. त्यात मी आमच्या इथल्या टीमच्या हिरव्या जर्सीत आहे. तुमच्या त्या प्रेसवाल्या पोराने कॉम्प्युटरवर हिरवा रंग पुसून आपला लाल-पांढरा फासला, बिल्ल्यावर झेंडूचा हार चढवला आणि माझ्या शेजारी उभा असलेला आमचा कॅप्टन रेहान कापून टाकला. सगळा कापला, पण माझ्या खांद्यावरचा त्याचा हात तेवढा विसरला. त्यामुळे तुमच्या चौकात अंग नसलेला एक हात वाघाच्या खांद्यावर दोन महिने ठेवलेला आहे, आणि आपल्या गावातल्या एकाही माणसाला तो दिसला नाही. चौतीस शुभेच्छुक आणि डोळे एकालाही नाहीत.

रेहानला दिसला. कसा, तेही सांगतो. तुम्ही फ्लेक्सचा फोटो माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलात, तिथून तो दुपारपर्यंत आमच्या अल ऐनच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला. मंडळाच्या सेक्रेटरी हेमाताई. त्यांचा मुलगा वेदांग माझा गोलकीपर. हा वेदांग इथेच जन्मला, आईशी इंग्रजीत बोलतो, त्याला घरी मराठीत हाक मारली तर दुसऱ्या हाकेला येतो. पण हेमाताईंनी दर शुक्रवारी बसवून त्याला देवनागरी शिकवलेली. इतकी वर्षं त्या विद्येचा काही उपयोग झाला नव्हता, तो त्या दिवशी झाला. ड्रेसिंग रूममध्ये एकेक अक्षर लावत त्याने तुमचा फ्लेक्स वाचला आणि हैदराबादी, सुदानी, इजिप्शियन, मल्याळी अशा सगळ्या पोरांना इंग्रजीत समजावून सांगितला. मग रेहानने फोटो मोठा करून पाहिला आणि करंगळीवरच्या निळ्या पट्टीवरून स्वतःचा हात ओळखला.

संध्याकाळी मी मैदानावर गेलो तर सगळे हाताची घडी घालून उभे. शिट्टी वाजवली, कुणी हललं नाही. रेहान पुढे आला आणि म्हणाला, 'कोच, जाना है तो जाओ. मगर हमको पोस्टर से मालूम पडना था क्या?' राजाभाऊ, मला आयुष्यात खूप लोकांनी शिव्या घातल्या आहेत. आपल्या गावच्या प्रेक्षकांनी तर माझ्या सात पिढ्या मोजून काढल्या आहेत. पण या पोराच्या एका वाक्याने माझी मान खाली गेली, तशी तेव्हाही गेली नव्हती. मी म्हणालो, अजून काही ठरलेलं नाही. तो म्हणाला, 'लेकिन फोटो में तो कपडे भी बदल गये.'

शनिवारची सेमीफायनल आम्ही तीन-शून्यने हरलो. नऊ वर्षांनी सेमीफायनलला पोचलो होतो. हाफटाइमला मी फळ्यावर बाण काढत होतो आणि पोरं फळ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती, भाडेकरू सामान बांधायला लागला की घरमालक बघतो तशी. वेदांगने दुसरा गोल तर उभ्या उभ्या जाऊ दिला. पोरं वाईट खेळली म्हणून मी चिडलो नाही. ती माझ्यामुळे वाईट खेळली म्हणून चिडलो, आणि अजून चिडलेलो आहे.

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. सोमवारी आमच्या स्पोर्ट्स विभागाच्या प्रमुख डॉक्टर सुमैय्या यांनी केबिनमध्ये बोलावलं. बाई अत्यंत सज्जन, कधी आवाज चढवत नाहीत. हसून अभिनंदन करत म्हणाल्या, 'मबरूक, कोच! यू शुड हॅव टोल्ड मी फर्स्ट.' आणि टेबलावर केक. माझ्या निरोपाचा. मी राजीनामा दिलेला नाही, त्यांनी मागितलेला नाही, आणि केक तयार! वरून तो फोटो छापलेला केक. कुणाकडे माझा चांगला फोटो नव्हता म्हणून त्यांनी ग्रुपवर फिरत असलेलाच बेकरीला पाठवला होता. म्हणजे साखरेत अख्खा फ्लेक्स: वाघ, झेंडू, चौतीस शुभेच्छुक, मोबाइलसकट तुम्ही, आणि तो हात. स्टाफ टाळ्या वाजवत होता. मी सुरी फिरवली ती तुमच्या मोबाइलमधून कानापर्यंत नेली. दोन महिन्यांतलं तेवढंच एक समाधान.

केक खाऊन झाल्यावर (व्हॅनिला होता, बरा होता) मी बाईंना सगळं सांगितलं. आमच्याकडे माणसाला विचारण्याआधी त्याचं अभिनंदन करायची पद्धत आहे, हे इंग्रजीत समजावताना माझी काय दशा झाली ते तुम्हाला कळणार नाही. बाईंनी तीनदा विचारलं, 'बट यू डिड नॉट से येस?' मी तीनदा नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, 'देन हू सेड येस?' सांगा, काय उत्तर देऊ? चौकाने, म्हणू?

आता जे लिहितो ते लिहायचं नव्हतं, पण रागाच्या भरात हात थांबत नाही. राजाभाऊ, मी हो म्हणणार होतो. त्या तीन दिवसांत माझं जवळजवळ ठरलं होतं. तुमच्या जुन्या बुटांत कागद कोंबून मी त्या मैदानावर पहिली मॅच खेळलो, हे मी विसरलेलो नाही. (तुम्ही विसरू देत नाही, हा भाग वेगळा, माझ्या लग्नात माइक हातात घेऊनही तुम्ही बुटांचंच बोललात.) गोलपोस्टमागची ती भिंत, तिच्यावर डाव्या पायाने हजार वेळा मारलेला बॉल, सगळं डोळ्यांपुढे आलं होतं. प्रमिलाशीही बोललो होतो. ती म्हणाली होती, 'तुला जायचं असेल तर आपण जमवू.' पंधराव्या दिवशी मी स्वतः फोन करून म्हणणार होतो, 'राजाभाऊ, येतो.' तो होकार माझा होता. आयुष्यात एखाद्या माणसाला असा होकार किती वेळा देता येतो? तुम्ही तो माझ्या तोंडातून काढून चौकात टांगलात.

आणि एकदा तो तिथे टांगला गेल्यावर मला इथलं दिसायला लागलं, जे मी अठरा वर्षं नीट पाहिलं नव्हतं. आपल्या कॉलेजला पन्नास वर्षांचा इतिहास आहे, संघ आहे, कार्यकारिणी आहे, चौक आहे. या पोरांना काय आहे? चार वर्षं झाली की एक कॅनडाला, एक कैरोला, एक दुबईला, देऱ्याच्या बाजारात मामाच्या दुकानात. माजी विद्यार्थी म्हणून त्यांना कुणी परत बोलावणार नाही, कारण बोलावायला इथे कुणी टिकतच नाही. कोण डाव्या पायाचा, कुणाच्या गुडघ्यात पाणी, कुणाला आईची आठवण आली की पोटात दुखतं, हे लक्षात ठेवणारा सगळ्या अल ऐनमध्ये मी एकटा आहे. मीच निघून गेलो तर ही पोरं इथे खेळली होती हे सांगणार कोण?

मी पुढच्या दोन वर्षांच्या करारावर सही केली आहे. त्या संध्याकाळी पोरांना गोल उभं करून सांगितलं, 'मैं कहीं नहीं जा रहा. खलास.' कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रेहानने नुसते सरावाचे प्लॅस्टिकचे कोन गोळा केले आणि माझ्या गाडीच्या डिकीत नेऊन ठेवले. ते काम तो एरवी ज्युनिअरांवर ढकलतो.

तेव्हा माझं उत्तर नाही. तो फ्लेक्स उतरवा. उतरवायला माणूस नसेल तर त्या चौतीस जणांना सांगा, एकेकाने एकेक खिळा काढला तरी पुरे. त्या कॉलेजचा आणि माझा संबंध संपला. मला तुमच्याकडून काही नको आणि यापुढे मी तुमच्याकडे काही मागणार नाही.

वहिनींना पुन्हा नमस्कार.

तुमचा (होतो तो),
उल्हास

ता. क. : वर 'संबंध संपला' असं लिहिलं आहे. ते माझ्यापुरतं समजावं. घरातल्या बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही.

ता. क. २ : आमची दिया बारावी झाली. इथे दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. तिने आपल्या कॉलेजला अर्ज केला, मला न विचारता, आणि प्रवेशही मिळवला. (विचारण्याआधी ठरवून टाकायची खोड रक्तात असते की पाण्यात, देव जाणे.) मी तिला हा सगळा इतिहास सांगितला, दोनदा नाही म्हणालो. ती म्हणाली, 'बाबा, दॅट्स युअर फाइट, नॉट माइन.' ती डाव्या विंगला खेळते आणि माझ्यापेक्षा चांगली खेळते. कॉलेजात मुलींची टीम नाही हे मी तिला तीनदा बजावलं. तिचं म्हणणं, कुठलीही टीम पहिल्या दिवशी नसतेच.

ता. क. ३ : हे पत्र पोस्टाने पाठवलेलं नाही. ज्या मुलीने ते आणून तुमच्या हातात दिलं आणि जी तुमचं वाचून व्हायची वाट बघत समोर उभी आहे, ती दिया. आधी तिला बसायला सांगा. वर मी तुम्हाला जे जे बोललो त्यातला शब्दही मागे घेत नाही, पण मागायला मला दुसरं कुणी नाही. उद्यापासून ती बॉल घेऊन मैदानावर एकटी जाईल. पोरं हसतील, कुणीतरी म्हणेल हे मैदान मुलांचं आहे. राजाभाऊ, मी अठरा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांसाठी इथल्या उन्हात उभा आहे. तुम्ही माझ्या पोरीसाठी उद्या सकाळी सहाला तिथे येऊन उभे राहा.