रिकामी आकडी

४ डिसेंबर १९३८

माळावर बसायचा आज अकरावा दिवस. इनामदाराच्या शिपायांनी कुंपणाला आणखी काटे ओढले. आमी हद्दीच्या दगडापाशी गुरं घेऊन गप. शिवी नाही, दगड नाही, ठरलंय तसं. तीन पिढ्या गुरं हितं चरली, आता म्हणे माळ इनामात, शिकारीला राखीव! रामजीनानांचा बाप याच हद्दीपायी भोरच्या कचेरीला खेटे घालता घालता गेला. नाना सत्तरीचे, पण रोज पहिले हजर.

दुपारी पुण्याच्या साप्ताहिकाचा बातमीदार आला. मीच कार्ड टाकून बोलावलेला. पायात बूट, हातात छत्री, चढणीनं घामाघूम. हिनं ताक दिलं, तीन तांबे प्याला. पानंच्या पानं लिहून नेली. आता बघतो इनामदाराकडं.

११ डिसेंबर

मेलो.

मार्गासनीच्या टपालातनं पेपर आला. चावडीवर सगळ्यांपुढं ऐटीत वाचायला बसलो आणि मथळ्यालाच जीभ अडली. 'कोयतेधारी जमावाने हद्द अडवली.' खाली आणखी, 'पुढाऱ्याच्या कमरेलाही शस्त्र लटकत होते.' पुढारी म्हणजे नाना!

अरे शहाण्या, ह्या खोऱ्यात माणूस कमरेच्या आकडीत कोयता अडकवल्याबिगर परसाकडंला जात नाही. सरपण तोडायचा, शेत भाजायला डहाळ्यांची कवळं तोडायचा कोयता तो. शस्त्र म्हणे! तीन तांबे ताक उगाच पाजलं.

पण राग निवला तसं डोक्यात आलं. साठ माणसं बसलो, साठांच्या कमरेला कोयते, आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही कमरेला होताच की.

इनामदारानं तोच अंक भोरला मामलेदारांकडं धाडलाय. ते सोळाला पोलीस घेऊन येणार. दंगा ठरला तर माळ कायमचा गेला. गावात कुणी माझ्याशी धड बोलत नाही.

ही म्हणाली, "टाका आनखी कार्डं."

१२ डिसेंबर

भैरोबाच्या देवळात बैठक. म्हणालो, कोयते हितं ठेवून वर जायचं, सगळ्यांनी. नाना असे भडकले! "कोयता सोडून भाईर? त्यापरीस धोतर सोडून जाईन म्या."

बाया फिदीफिदी हसल्या. मी म्हणालो, "नाना, धोतर सोडलंत तर ते बी छापतील." तेव्हा म्हातारा जरा हसला. पण हो म्हणाला नाही. उठून गेला.

बातमीदाराला दुसरं कार्ड टाकलं. चार शब्द खरमरीत, आणि शेवटी: सोळाला या, पुन्हा बघा.

१६ डिसेंबर

रात्र झाली, तरी लिहितो. आजचं राहिलं तर मी गाढव.

सकाळी देवळात गेलो तर भिंतीच्या खुंटीवर एक कोयता आधीच. शिसवी मूठ. नानांचा. कुणाला न सांगता ठेवून म्हातारा वर गेलेला. मग काय, बघता बघता भिंत भरली.

माळावर सगळे कसनुसे. जो तो कमरेला हात लावून बघतोय. मामलेदार घोड्यावरून आले, मागं पोलीस. बातमीदारही आला, माझी नजर चुकवत.

मामलेदार हद्दीचा दगड बघत होते, तेवढ्यात इनामदाराच्या एका शिपायानं नानांच्या खांद्यावर काठी हाणली. कारण काही नाही. आमी चिडावं एवढंच.

नानांचा हात झटक्यात पाठीमागं, कमरेला गेला.

एवढी माणसं, कुणी हललं नाही. नानांचा हात रिकाम्या आकडीवर थांबला. तिथनं हळूच पुढं आला, कनवटीची चंची सोडली. तंबाखू मळली, चुना लावला, आणि पहिला बार त्या शिपायाच्या पुढं धरला. "घे बाबा. दमला आसशील."

शिपायानं मान खाली घातली. काठी खाली टाकली.

मामलेदारांनी सगळं बघितलं होतं, ते घोड्यावरून उतरले. तिथंच हुकूम सांगितला: हद्दीचा निकाल लागेपर्यंत कुंपण काढा, गुरं चरू द्या. भैरोबाच्या नावानं चांगभलं! असा गजर झाला की गुरं उधळली. मी रडलो. लाज कसली, साठजण रडले.

२५ डिसेंबर

पेपर आला. या वेळी आधी घरी वाचला, मग चावडीवर. पहिल्या पानावर! 'निःशस्त्र वृद्धाचा विजय.' ज्या तोंडांनी मला खाल्लं तीच म्हणतात, "सखाराम, फिरून वाच." चारदा वाचला. हिनंही ऐकला, दाराआडून.

एक वाक्य असं: 'वृद्धाच्या मनाला क्रोध शिवलाही नाही. त्याचा हात सहजच चंचीकडे गेला.'

नाना हे ऐकून खो खो हसले. "क्रोध शिवला न्हाई? आरं, हात कोयत्याला गेला हुता माजा. कोयता आसता तर त्याची मान ऱ्हायली आसती व्हय धडावर?"

मग नाना माझ्याकडं बघून म्हणाले, "मागं खोटं छापलं तवा लई चवताळून कार्ड टाकलंस. आता टाकतोस का?"

आणि गेले गुरं घेऊन माळावर. आकडी रिकामीच. निकाल लागेपर्यंत कोयता देवळातच ठेवणार म्हणतात. निकालाचा अजून पत्ता नाही.

वरून गुरांच्या घंटा ऐकू येतायत. कार्ड पुढ्यात आहे. पत्ता लिहिला. खाली 'सा. न. वि. वि.' लिहिलं. पुढं