प्रश्नावली तयार होईपर्यंत

३ जून
विषय मंजूर. 'ट्रंक एक्स्चेंजच्या खोलीतली बायकांची बोली.' सातवीत शाळा सुटलेल्या बाईचा एम.ए.चा लघुप्रबंध! मंजुरीचा कागद दोनदा मोठ्याने वाचला. ऐकायला कोणी नव्हतं, पण सवय जात नाही. हे असते तर म्हणाले असते, छान, आता चहा टाक.

पूर्वी परगावी फोन लावायचा तर एक्स्चेंजमधल्या बायका बोर्डावर हाताने लाईन जोडायच्या. त्यांची आपसात एक भाषा होती, सुपरवायझरला न कळणारी. ह्यांची थोरली बहीण, आमच्या वन्सं, उभी हयात त्या बोर्डावर होत्या. बरोबरीच्या दोघी गेल्या, तिसरी आता पोटच्या पोरांनाही ओळखत नाही. म्हणजे माहितीदार एकच. पण खणखणीत.

ऑक्टोबरअखेर सादर करायचं. वेळ भरपूर. घाईने लिहिलेलं वाचताना लगेच कळतं. मी आयुष्यभर वाचतेच आहे.

५ जून, दुपारी चार
वन्संचा फोन. रोज चारला करतात, हे गेल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. म्हणाल्या, काय डॉक्टरीणबाई, घे लिहून, फोनवर ओरडणाऱ्या माणसाला आम्ही काय म्हणायचो ठाऊक आहे?

मी तिथेच थांबवलं. म्हटलं, वन्सं, आत्ता नको, डेटा खराब होतो. त्या म्हणाल्या, खराब व्हायला ते काय दूध आहे?

संशोधनपद्धतीच्या कार्यशाळेत स्वच्छ सांगितलंय. आधी प्रश्नावली, मग तिची चाचणी, मग दुरुस्ती, मग मुलाखत. साधन तयार होण्याआधी माहितीदाराला बोलू द्यायचं नाही. वन्संना समजावलं. मग आम्ही गुडघ्यांवर बोललो. गुडघे विषयाच्या कक्षेत येत नाहीत.

१६ जून
मार्गदर्शक बाईंकडे जाऊन आले. माझ्या लेकीपेक्षा लहान. खोलीत खुर्चीवरही प्रबंध रचलेले, त्यामुळे उभ्यानेच बोलणं. त्यांनी विचारलं, काकू, नणंदबाईंचं वय काय? म्हटलं, ब्याऐंशी. त्या म्हणाल्या, मग उद्या जा, मोबाईल समोर ठेवा आणि बोलू द्या त्यांना. प्रश्न मागाहून करा.

मी नुसती हसले. पोरगी हुशार आहे, पण पद्धतीच्या बाबतीत कच्ची. आजकाल सगळ्यांना आधी कळस हवा.

घरी येऊन प्रश्नावलीचा आराखडा करायला बसले. विभाग सहा पाडले. विभागांना रंग दिले. हिरवा रंग संपला.

२ जुलै
मोठं काम हातावेगळं झालं. अनुक्रमणिका! प्रकरणं पाच, उपप्रकरणांसकट. पृष्ठ क्रमांकही घालून टाकले. चौथं प्रकरण पान ६१ ला सुरू होतं. आता फक्त मधली पानं भरायची.

हात चालू होता तसा ऋणनिर्देशही लिहिला. 'वन्संनी दिलेल्या प्रदीर्घ आणि मोकळ्या मुलाखतीबद्दल त्यांचे ऋण शब्दांत मावणारे नाहीत.' वाचून माझेच डोळे भरले. असं लिहिता आलं की अर्धी लढाई जिंकली.

चारला वन्संचा फोन. आज खोकत होत्या. म्हणाल्या, तुझा तो परवाना आला का गं? मी म्हटलं, परवाना नाही, प्रश्नावली. त्या म्हणाल्या, तेच ते. मी बोलायचं कधी ते सांग. तोंड धरून बसवलंयस मला, सासूने नव्हतं बसवलं कधी.

२४ जुलै
गेल्या आठवड्यातलं वन्संशी बोलणं. मधेच थांबल्या. म्हणाल्या, अगं ते हे... ते आपलं... दारावर असतं ते. मी म्हटलं, कडी? त्या म्हणाल्या, हां, कडी. बघ ना, शब्द येतो आणि उंबऱ्यातच अडतो.

अतिशय उपयुक्त! बोलीच्या अभ्यासात विरामाला फार महत्त्व असतं. प्रश्नावलीत 'विराम' असा वेगळा रकाना आखला. त्यासाठी सगळ्या विभागांची मांडणी पुन्हा करावी लागली. आठवडा गेला, पण अशा कामात आठवड्याकडे बघायचं नसतं.

लेकीचा फोन. म्हणाली, आई, आत्याकडे जाऊन आलीस का? म्हटलं, मुलाखतीआधी भेटणं योग्य नाही. ती म्हणाली, मुलाखत कसली, आत्या आहे ती. तिला काय सांगायचं! ती बँकेत आहे.

११ ऑगस्ट
प्रश्नावलीची चाचणी शेजारणीवर घेतली. ती कधी एक्स्चेंजमध्ये नव्हती, पण साधन तपासायला माणूस कोणीही चालतं. पहिल्याच प्रश्नाला तिने तिच्या जावेचं सगळं चरित्र सांगितलं. तिला म्हटलं, प्रश्नाला धरून बोला. ती म्हणाली, मग प्रश्न कशाला विचारता, उत्तर तुम्हीच लिहा की.

निष्कर्ष: प्रश्न फार मोकळे आहेत. आवळायला हवेत.

२१ ऑगस्ट
सकाळीच वन्संच्या सुनेचा फोन. म्हणाली, मामी, काल आईंच्या हातून कप पडला. तोंड एका बाजूला गेलं होतं अर्धा तास. मग आपोआप सरळ झालं. डॉक्टर म्हणाले, ही सूचना समजा, लक्ष ठेवा. तुम्ही एकदा येऊन जा. तुमचीच वाट बघतात, दुपारी वेणी घालून बसतात.

पर्स घेतली, चप्पल घातली. मग दारातच विचार केला. दमलेल्या माहितीदाराकडून घेतलेली माहिती विश्वासार्ह नसते. आपण गेलो की त्या बोलल्याशिवाय राहणार नाहीत, आणि बोलल्या की थकतील. त्यांच्यासाठीच थांबायला हवं. चप्पल काढली.

दिवसभर समास सारखे केले. डावीकडे दीड इंच, बाइंडिंगसाठी.

३० ऑगस्ट, दुपारी चार
वन्सं स्वतः बोलल्या. आवाज विहिरीतून आल्यासारखा. पण जिभेची धार तीच. म्हणाल्या, डॉक्टरीणबाई, पेशंट मरायच्या आधी या हो.

मग हसणं थांबवून म्हणाल्या, आज अडवू नकोस. तुझ्या नवऱ्याचं एक आहे त्या खोलीतलं. तुमचं लग्न ठरायच्या आधीचं. त्याने मला शपथ घातली होती तुला सांगायचं नाही म्हणून. पण आता तो नाही, शपथ कुणाला लागायची? एका रात्री माझी ड्यूटी होती, आणि हा जिना चढून...

मी म्हटलं, वन्सं, थांबा! त्यासाठी प्रश्न घातलाय मी. एकेचाळिसावा. 'नातेवाइकांसंबंधीच्या आठवणी.' तो क्रमाने आला की निवांत सांगा.

मला वाटलं लाईन गेली. मग म्हणाल्या, बरं बाई. तुझा नंबर लागेपर्यंत थांबते.

खरं सांगायचं तर मला तेव्हाच ऐकायचं होतं. ह्यांच्याबद्दल मला ठाऊक नसलेलं असं आता जगात एवढंच उरलं असेल. ते फोनवर, हातात निवडायची भाजी असताना, उरकून टाकायचं? एकदा ऐकलं की संपलं. नीट बसून ऐकायचं, रेकॉर्ड करायचं, पुन्हा पुन्हा ऐकता येईल असं. म्हणून थांबवलं. पद्धत म्हणून नाही. पद्धत म्हणूनही.

८ सप्टेंबर
झपाट्याने काम. दुपारी दोन ते सहा मोबाईल बंद ठेवायचा असं ठरवलं आणि पाळलंही. वन्संना वाईट वाटेल, पण त्यांच्याच कामासाठी आहे. शिवाय त्यांनाही विश्रांती.

घरात इतकं शांत की पंख्याचा खटका ऐकू येतो. एकाग्रता यालाच म्हणत असावेत.

१३ सप्टेंबर
मार्गदर्शक बाईंचा मेसेज. 'काकू, रेकॉर्डिंग झालं का? काहीतरी लिहून पाठवा, दोन पानं तरी.' त्यांना अनुक्रमणिका पाठवली. उत्तर नाही. प्रभावित झाल्या असतील.

रात्री मोबाईल नीट बघितला तर वन्संच्या घरचे तीन-चार दिवसांतले बरेच मिस्ड कॉल. उशीर झाला होता, त्या लवकर जेवून झोपतात. प्रश्नावली दोन दिवसांत हातात येईल, तेव्हा एकदमच बोलू. आनंदाची बातमी घेऊनच बोलू.

१७ सप्टेंबर
प्रश्नावली तयार! स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक कव्हर. पंचाहत्तर प्रश्न, एकही मोकळा नाही. दुकानदार म्हणाला, मावशी, निवडणूक लढवताय का?

दुपारी बरोबर चारला मीच वन्संना फोन लावला. म्हणणार होते, नंबर लागला तुमचा. सुनेने उचलला. म्हणाली, या मामी. कालच घरी आणलंय. मी विचारलं, कुठून? ती म्हणाली, हॉस्पिटलमधून. दहा तारखेला दुपारी मोठा झटका आला. किती फोन केले तुम्हाला.

मी विचारलं, बोलतात का? ती म्हणाली, तुम्ही या.

१९ सप्टेंबर
जाऊन आले.

वन्संना खिडकीशी टेकवून बसवलं होतं. सुनेने वेणी घातली होती. मला बघून डावा हात उचलला. उजवा मांडीवर तसाच, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. सून म्हणाली, समजतं सगळं, मामी. फक्त शब्द नाही येत. डॉक्टर म्हणतात, आता येणं अवघड.

काय करावं मला कळेना. रेकॉर्डर लावला. कव्हर उघडलं आणि पहिला प्रश्न वाचला. वन्सं माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. दुसरा वाचला. थांबले असते तर रडले असते, म्हणून वाचत गेले. सून दोनदा आत-बाहेर करून गेली.

एकेचाळिसावा वाचला. 'तेथे कधी आपले नातेवाईक येण्याचा प्रसंग घडला काय? तीनपैकी एक पर्याय सांगावा.'

वन्सं हसायला लागल्या. अर्ध्याच तोंडाने, पण खांदे हलेपर्यंत. माझं मनगट घट्ट धरलं. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. घशातून एक आवाज आला. त्यांना सगळं आठवत होतं. जिना, ती रात्र, हे काय बोलले ते, सगळं त्यांच्या डोळ्यांत होतं आणि त्या मला दाखवत होत्या. मग दमल्या. हात सैल पडला.

पुढचे प्रश्न विचारले नाहीत.

घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. सगळा माझाच आवाज. स्पष्ट, सावकाश, शिकलेल्या बाईसारखा.

प्रश्नावली भरायला घेतली. एकेचाळिसाव्यापुढे तीन चौकोन आहेत: प्रसंग घडला, घडला नाही, माहीत नाही. पेन उघडलं. मग तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि माहितीदाराच्या जागी माझं नाव लिहिलं.