पुरणाचा उंडा

टोकियो, १२ डिसेंबर

ती. आईस,
यासुहिरोचा सा. न. वि. वि.

फोन तू मध्येच ठेवून देतेस, म्हणून लिहितो. बाबा नाहीत, गुडघे कुरकुरतात, आणि तू नवीन वर्षात एकटी कानाझावा, ताकामात्सु करत थेट कागोशिमाला निघालीस? एक तारखेला आम्ही सगळे सेंदाईला येणार. नवीन वर्षाचं सूप कोण करणार? नात्सुमीला आपल्या घरचं जमत नाही. आत्या म्हणत होती, वहिनीला म्हातारपणी पाय फुटले. तिकिटं परत कर. एप्रिलमध्ये मीच फिरवून आणीन.

राग मानू नकोस, लोभ कमी करू नकोस.
तुझा यासुहिरो

सेंदाई, १७ डिसेंबर

चि. यासुहिरोस,
तुला व नात्सुमीला अनेक आशीर्वाद.

तिकिटं परत करणार नाही. हा एप्रिल मी तुझ्या बाबांच्या तोंडून जन्मभर ऐकला. शिवाय हे सूप वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांचं, एप्रिलमध्ये कोण वाढणार?

लग्नानंतरच्या पहिल्या नवीन वर्षाला मी माझ्या माहेरच्या, ताकामात्सुच्या रीतीने सुपात कुटलेल्या भाताचा गोल उंडा सोडला, आत गोड पुरण भरलेला. तुझ्या आजीने पाहुण्यांदेखत विचारलं, हे जेवण आहे की खाऊ, आणि पातेलं मोरीत ओतलं. तेव्हापासून दरवर्षी तुमच्या सेंदाईच्या बिनपुरणाच्या चौकोनी वड्या, तुमचा भाजका मासा, तुमचा किसलेला मुळा. यंदा मी गावोगावचं सूप चाखणार आणि माझं माहेरचंही खाणार. सुका मासा चुलीवर टांगलाय. मुळा तू किस, हात आहेत तुला. आत्याला सांग, पाय पहिल्यापासून होते.

आहे तेवढं प्रेम पुरे, काळजी आवर.
तुझी आई

ताकामात्सु, २ जानेवारी

चि. यासुहिरोस,
नवीन वर्षाचे आशीर्वाद.

कानाझावाचं सूप चांगलं होतं. आज इथे पुरणाचा उंडा खाल्ला. खरं सांगते, नाही आवडला. सुपात इतकं गोड सोसेना, जीभ तुमची झाली आहे. फार रडू आलं. खाणावळीच्या मालकिणीने विचारलं, काही चुकलं का. मी म्हटलं, काही नाही, आणखी एक वाटी वाढा. तीही संपवली. मला काय आवडत नाही हे या वेळी मी ठरवलं, मोरीने नाही.

उद्या कागोशिमा. तू केलेला मासा करपला आणि आत्याने नाक मुरडलं, असं नात्सुमीने फोनवर सांगितलं. मुरडू दे. पुढच्या वर्षी नीट भाज, मी तेव्हा होक्काइदोत असेन.

लोभ आहेच, तो तसाच असू दे.
तुझी आई