गरम इंजिनाची तपासणी गरम असतानाच करण्याबाबत

प्रति,
मा. वाहन अधिकारी,
पाणीपुरवठा विभाग, मुख्य कार्यालय, तळमजला.

विषय: टँकर क्रमांक सात गरम झाल्यावर सुरू होत नसल्याबाबत व त्यापायी मला गाडीवरून उतरवू नये याबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे चार अर्ज.
२) आपली कालची नोटीस: "गाडी निर्दोष असून दोष चालकाच्या हाताळणीत आहे. सोमवारपासून चालकास गाडीवरून कमी करण्यात येईल."

महोदय,

मी वरील टँकरची चालक. गाडीचे वय सव्वीस, माझे एकावन्न. दोघींचेही सांधे कुरकुरतात, पण अकरा वर्षांत एकही खेप चुकलेली नाही.

१. सकाळी गार गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. दुपारी वृद्धाश्रमाच्या टाकीत पाणी सोडून पुन्हा सेल्फ मारावा, तर सेल्फ फिरतो, इंजिन ढिम्म. चाळीस मिनिटांनी गार झाली, की जणू काही झालेच नाही. पूर्वी मी इंजिन चालूच ठेवत असे. आपल्या डिझेल बचतीच्या परिपत्रकाने थांबल्या थांबल्या इंजिन बंद करणे सक्तीचे केले आणि झाकली मूठ उघडली.

२. नियमाप्रमाणे गाडी संध्याकाळी वर्कशॉपला जमा होते आणि तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. तोवर ती गारठलेली. फोरमनसाहेब चावी फिरवतात, ती सुरू होते. चारही वेळा म्हणाले, "बाई, गाडी ठणठणीत आहे. तुम्हीच जरा दमानं घ्या." मी म्हटले, "साहेब, गरम असताना बघा की." तर म्हणाले, "गरम इंजिनाला हात लावायचा नाही, सुरक्षेचा नियम आहे." ताप उतरल्यावर नाडी बघून "ताप नाही" असे लिहून देण्याचा हा प्रकार आहे.

३. तेव्हा शोध मलाच घ्यावा लागला. मी कुठल्या संस्थेत शिकलेली नाही. बोनेट उघडून, हात पोळून शिकले. बॅटरी बदलून पाहिली. फिल्टर नवे टाकले. डिझेलच्या नळीत हवा शिरते का, हे पाहायला पारदर्शक नळी जोडली. एक बुडबुडा नाही. उरला डिझेल पंप. तो आतून झिजला आहे. गार डिझेल दाट असते, तोवर निभावते. गरम होऊन पातळ झाले, की सेल्फच्या मंद फिरण्यावर पंपाला दाब धरता येत नाही.

४. पुरावा वृद्धाश्रमातल्या एका आजींनी दिला. माझी तगमग बघून त्यांनी आपला टॉवेल भिजवून आणला. "घाल गं तिच्या कपाळावर पट्टी," म्हणाल्या. मी तो पंपावर टाकला, वर दोन तांबे गार पाणी ओतले. दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू. आजींनी तिला "गुणाची माझी बाय" म्हटले. आपल्या कार्यालयाने मला "पिण्याच्या पाण्याचा गैरवापर" असा मेमो दिला आणि टॉवेल "अनधिकृत सुटा भाग" म्हणून जप्त केला.

५. टॉवेल गेल्यावर आश्रमातल्या तीन आजोबांनी धक्का मारला. तिघांची वये मिळून दोनशे बत्तीस. गाडी तसूभर हलली नाही, पण तिघे आठवडाभर खुशीत होते. नोटिशीत याची नोंद "चालक आश्रमात विनाकारण रेंगाळते" अशी आहे.

६. मागणी एकच: कुणीतरी ही गाडी गरम असताना, स्वतःच्या हाताने, एकदा सुरू करून पाहावी. पंप नादुरुस्त ठरला, तर तो उतरवावा, मला नको.

७. आपणास फार लांब जावे लागू नये, म्हणून हा अर्ज मी समक्ष देत आहे. आजच्या चारही खेपा करून थेट आले आहे. आवारात आपल्या मोटारीमागे तेवढीच जागा होती, तिथे टँकर लावला आणि परिपत्रकाप्रमाणे इंजिन तत्काळ बंद केले. आता सव्वापाच झाले आहेत. कार्यालय साडेपाचला सुटते. आपली मोटार माझी गाडी निघाल्याशिवाय निघणार नाही आणि माझी गाडी सहाच्या आत गार होणार नाही.

टॉवेल आपल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात आहे. किल्ली आपल्याकडेच असते. नळ व्हरांड्यात आहे.

बोनेट मी उघडून ठेवले आहे.

आपल्या मोटारीमागेच उभी,
आपली नम्र,
(सही)
चालक, टँकर क्रमांक सात

सोबत: १) चार अर्जांच्या प्रती.
२) गाडीची चावी. फिरवून पाहावी.